भीमेकाठची द्राक्षे आणि दोन राज्यांची आबकारी

माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे अफझलपुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा, तुरीची काढणी होऊन मोकळ्या पडलेल्या काळ्या रानांच्या मधोमध, अधूनमधून एखादा द्राक्षाचा मांडव दृष्टीस पडतो आणि उन्हाने डोळे दिपलेल्या वाटसरूला त्या हिरव्या छताखालची सावली क्षणभर खुणावते. याच रस्त्यावर कोठेतरी कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. पाट्यांवरची लिपी बदलते. अलीकडे ज्या कागदाला पहाणी म्हणतात, त्याला पलीकडे सातबारा म्हणू लागतात. एका बाजूचा शेतकरी आपली फिर्याद कलबुर्गीच्या कचेरीत नेतो, दुसऱ्या बाजूचा सोलापूरच्या. वेलीला यातले काही ठाऊक नसते. तीच थॉम्प्सन वाणाच्या वंशातली काडी, तीच खरड छाटणी आणि तीच फळछाटणी, तोच केवडा आणि तीच भुरी हे रोग; आणि पुष्कळदा घडांची विरळणी करणारी माणसेही तीच, जी सकाळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जातात आणि दिवेलागणीला आपल्या घरी परततात.

माझा जन्म भालकी तालुक्यातला आणि आजोळ आळंद तालुक्यातले, म्हणजे मांजरा आणि भीमा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत माझे बालपण वाटले गेले. घरात पंढरीची वारी, गळ्यात माळ. त्यामुळे मद्याला मी आजवर शिवलो नाही आणि पुढेही शिवेन असे वाटत नाही. असे असता भारतातील वाइनचे प्रदेश आणि त्यांत पिकणारी द्राक्षे या विषयावर लिहिण्यास मी प्रवृत्त झालो, याचे कारण असे की, वाइन पेल्यात येण्यापूर्वी कित्येक वर्षे ती माती, पाणी आणि माणसाचे कष्ट यांच्या रूपाने रानात उभी असते, आणि रानाचा प्रश्न आम्हा सरहद्दीवरच्या माणसांना कधीच परका वाटलेला नाही. माझे म्हणणे हे की, द्राक्षाच्या प्रदेशाची हद्द मातीने, पाण्याने आणि हवेने आखलेली असते. ती राज्याच्या सीमेपाशी आणून तोडल्यामुळे भीमेच्या खोऱ्यातील बागायतदाराचे नुकसान होत आहे, आणि महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही सरकारांनी एकत्र बसून या खोऱ्यातल्या द्राक्षाला, बेदाण्याला आणि यथावकाश वाइनलाही एकच भौगोलिक नाव द्यावे.

द्राक्षरसाला गावाच्या नावाने ओळखण्याची रीत फ्रेंचांनी शोधून काढली असा आपल्याकडील सुशिक्षितांचा समज असतो, तो बरोबर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर आबकारी खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याची कर्तव्ये तेथे नमूद केलेली आहेत. त्या प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला मधु म्हटले असून, त्याचे प्रकार ते ज्या देशात होतात त्या देशाच्या नावावरून ओळखावेत असे सांगितले आहे, आणि कापिशायन व हारहूरक अशी दोन नावे दिली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील काबूलच्या उत्तरेचा मुलूख. या कापिशायन शब्दाची सिद्धी करण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र रचले, आणि त्यावरील काशिकावृत्तीने उदाहरण दिले ते तिथल्या मधूचे आणि तिथल्या द्राक्षाचेच. एका मुलखाच्या द्राक्षासाठी व्याकरणाने वेगळा नियम करावा, इतकी त्या प्रदेशाची कीर्ती होती. बोर्दो आणि शॅम्पेन ही नावे जगाला माहीत होण्याच्या कितीतरी शतके आधी या देशाच्या पंडितांना हे उमगले होते की, द्राक्ष जिथले असते तिथले नाव ते आपल्याबरोबर घेऊन जाते.

आज या देशाच्या वाइनचा नकाशा काढावयाचा तर प्रथम नाशिकचे नाव घ्यावे लागते. नारायणगावास शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळणारी वाइन करून दाखवली, ती महाराष्ट्रातली आधुनिक काळातील पहिली मोठी खटपट. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाणांची लागवड केली, आणि पुढे सुला या वाइनरीच्या रूपाने जे झाले ते सर्वांसमोर आहे. दक्षिणेस बेंगळुरूच्या उत्तरेला नंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये फ्रेंच वाणांचा मळा उभा केला. त्याच मुलखात त्याच्या फार आधीपासून बेंगलोर ब्लू हा काळसर, उग्र गंधाचा, अमेरिकन वंशाचा द्राक्षप्रकार शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडला होता, आणि त्यालाही आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. हंपीच्या दगडी टेकड्यांच्या बाजूला कोप्पळ जिल्ह्यात कॅबर्ने सोव्हिन्यों लावली गेली. कृष्णेच्या खोऱ्यात विजापूर, बागलकोट, बेळगाव. आणि भीमेला मिळणाऱ्या नीरेच्या काठी, अकलूजजवळ, सोलापूर जिल्ह्यातल्या कुटुंबाने इटालियन भागीदारांच्या साहाय्याने सांजोव्हेझे हा तुस्कानीचा वाण रुजवला. शिराझ बहुतेक सर्वत्र आहे, कारण दख्खनच्या उन्हात ती टिकते.

या नकाशात सोलापूर आणि विजापूर यांच्या पूर्वेस, कलबुर्गी आणि बिदर या दोन जिल्ह्यांच्या जागी, कोरा कागद आहे. त्या कोऱ्या कागदाचा मला राग येत नाही. जिथे काही नाही तिथे काही आहे असे लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल. तथापि हा कागद कोरा का राहिला, आणि तो कोरा असताना या भूमीत द्राक्षाचा इतिहास मात्र इतका भरगच्च कसा, हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात महंमद तुघलकाच्या काळी दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे आणि डाळिंबे पाहून त्याला आश्चर्य वाटले ते या गोष्टीचे की, ती वर्षातून दोनदा फळतात. त्याचे आश्चर्य योग्यच होते. भूमध्य समुद्राच्या काठी वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, थंडीने तिला सक्तीची विश्रांती मिळते आणि वसंतात ती जागी होते. दख्खनच्या वेलीला ही झोप नाही. तिचे वर्ष कापले जाते ते कात्रीने: उन्हाळ्याच्या तोंडाशी, एप्रिलच्या सुमारास, जी खरड छाटणी करतात तिने नवी काडी तयार होते आणि पावसाळ्याभर त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा जीव धरला जातो, पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या आगेमागे दुसरी छाटणी, जिला जुनी माणसे गोडी छाटणी म्हणतात, आणि मग चार-साडेचार महिन्यांत माल हाताशी येतो. दोन छाटण्या आणि एक पीक, ही जी पद्धत आपल्या बागायतदारांनी पिढ्यांच्या अनुभवातून स्थिर केली, ती म्हणजे इब्न बतूताने पाहिलेल्या त्या अविश्रांत वेलीला घातलेला लगाम होय. निसर्ग दोनदा देऊ पाहतो; शेतकरी एकदाच, परंतु मनासारखे घेतो. एवढ्या सूक्ष्म हिशेबाची शेती महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात आज जी माणसे करतात, त्यांच्या ज्ञानाला विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ते ज्ञान कमी प्रतीचे ठरत नाही.

बहमनी सुलतानांची राजधानी १३४७ पासून गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, आणि पुढे पंधराव्या शतकात, अहमदशाह वलीच्या वेळी, बिदरला होती. या दरबाराचे डोळे इराणकडे लागलेले असत. पंडित, कवी, शिल्पी, घोड्यांचे व्यापारी हे सारे समुद्रमार्गे येत. गीलानहून आलेला महमूद गवान येथे वजीर झाला आणि त्याने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाचा मनोरा आजही बिदरच्या आकाशात उभा आहे. याच इराणी हातांनी बिदरच्या जांभ्याच्या पठाराखाली कारेझ खोदले. वरच्या सच्छिद्र जांभ्यातून झिरपणारे पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडते, त्या दोन थरांच्या सांध्यातून बोगदा काढून उताराने ते पाणी शहराकडे नेण्याची ही विद्या वाळवंटी मुलखातली. नौबादचा कारेझ त्याची साक्ष देतो. ज्या लोकांनी आपली पाण्याची विद्या येथे आणली, ते आपली द्राक्षे आणावयास विसरले असतील असे मानणे कठीण आहे, परंतु यास लेखी पुरावा मजजवळ नसल्यामुळे मी तो आग्रह धरत नाही.

निजामाच्या राज्याबद्दल मात्र आग्रह धरता येतो. हैदराबादच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनाब-ए-शाही या वाणाचा उदय झाला. अब्दुल बाकर खान यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. लांबट, फिकट हिरवा, पातळ सालीचा, बियांचा मणी आणि हातभर लांबीचा घड. भरघोस उत्पन्नाबद्दल या वाणाची एके काळी देशभर ख्याती होती. आळंदजवळच्या आमच्या आजोळी माझ्या मामांनी विहिरीच्या थारोळ्याशेजारी त्याचा एक मांडव घातला होता. बांबूच्या करंड्यांत कडुनिंबाचा पाला खाली घालून ते घड रचत आणि रात्रीच्या गाडीने हैदराबादला पाठवीत. करंडीच्या तोंडाला गोणपाट शिवणे हे आम्हा मुलांचे काम असे. पुढे बाजाराला बिनबियांच्या द्राक्षाची गोडी लागली, एका वर्षी फळछाटणीवर पाऊस पडून केवड्याने सारा मांडव जळल्यासारखा काळा झाला, आणि मामांनी ते दगडी खांब काढून गोठ्याला लावले. मामांच्या मांडवाची ही कहाणी हैदराबाद संस्थानाच्या मुलखातल्या पुष्कळ मळ्यांची कहाणी आहे.

पश्चिमेकडे मात्र याच काळात विलक्षण काही घडत होते. इराणी लोक ज्याला किसमिस म्हणतात तीच वेल कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्प्सन या माणसाच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि थॉम्प्सन सीडलेस म्हणून दख्खनला परत आली. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत तिच्यातूनच एक वेगळी वेल निवडून काढली, तिला तास-ए-गणेश हे नाव दिले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका हा लांब मण्याचा वाण निवडला, आणि काळ्या द्राक्षांतील शरद सीडलेस त्याच नान्नजचा. नान्नज ते अफझलपूर हे अंतर असून असून किती? एका सकाळीत जाऊन यावे इतके. अशी निवड करणाऱ्या शेतकऱ्यांना संघटनेचे बळ होते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० मध्ये स्थापन झाला आणि छाटणीपासून निर्यातीपर्यंतचा प्रत्येक प्रश्न त्याने आपल्या चर्चासत्रांत घासूनपुसून पाहिला. आमच्या बाजूला त्याच सुमारास काय होते? १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसुरात. जिल्हा मोडला म्हणजे नकाशा बदलतो एवढेच नव्हे. कोणत्या गावचा माल कोणत्या पेठेत जावा, कोणत्या कृषिअधिकाऱ्याची जीप कोणत्या वाटेने यावी, कोणत्या संघाच्या सभेचे पत्र कोणाच्या घरी पोहोचावे, हे सारे मोडते. जुनी पेठ हैदराबाद, ती परराज्यात गेली. नवी राजधानी बेंगळुरू, ती रात्रभराच्या प्रवासावर. सोलापूर हाकेच्या अंतरावर राहिले, पण ते दुसऱ्याचे झाले.

बेदाण्याची गोष्ट पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. चार किलो द्राक्षे वाळवली म्हणजे सुमारे एक किलो बेदाणा होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि तेल यांच्या द्रावणात घड बुडवून, जाळीच्या थरांवर पसरून, सावलीच्या शेडमध्ये तो वाळवावा लागतो, आणि फेब्रुवारी-मार्चची कोरडी, वाहती हवा ही त्याची खरी भट्टी. अशी हवा सांगलीच्या पूर्वभागापासून पंढरपूर, सोलापूर, विजापूर, इंडी, अफझलपूर अशी अखंड पसरलेली आहे. विजापूरकडचा पुष्कळ बेदाणा तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे, कारण तेथील बाजारसमित्यांनी आणि व्यापाऱ्यांनी तो बाजार कष्टाने उभा केला. परंतु भीमेच्या अलीकडे पिकून कृष्णेच्या पलीकडे विकल्या गेलेल्या मालाला स्वतःचे नाव कोणते? त्याला नाव नाही. आणि ज्याला नाव नाही त्याला भाव दुसरा कोणी ठरवतो.

येथे मला एका आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे, आणि तो आक्षेप माझ्या स्वतःच्याच मनातला आहे. द्राक्ष आणि बेदाणा येथपर्यंत ठीक. वाइनची भाषा या भूमीत कशाला? ही भूमी बसवण्णांच्या कल्याणची आहे, ज्यांच्या शरणांनी बाराव्या शतकात मद्यमांसाचा त्याग करून कष्टाला पूजेचे स्थान दिले; ही माणिकप्रभूंच्या हुमनाबादची आहे. मद्य काय करू शकते हे बिदरइतके कोणत्याच नगराने भोगलेले नाही: ज्या महमूद गवानाने बहमनी राज्य उभे धरले, त्याच्या वधाचा हुकूम १४८१ मध्ये तिसऱ्या महंमदशाहाने मद्याच्या अमलाखाली दिला असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो, आणि त्यानंतर ते राज्य सावरले नाही. निजामाच्या दौलतीत आबकारीचे उत्पन्न हा सरकारी खजिन्याचा मोठा आधार होता; शिंदीच्या आणि ताडाच्या झाडांवर नंबर मारून त्यांचे लिलाव होत, आणि गुत्त्याच्या दारात कितीतरी घरांचे संसार बुडाले. संविधानाचे ४७ वे कलम राज्याला मद्यनिषेधाकडे जाण्यास सांगते, ते उगीच नव्हे.

मी हा आक्षेप खोडून काढीत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या २००७ साली कर्नाटक सरकारने १ जुलैपासून सारायी या देशी दारूवर बंदी घातली, त्याच वर्षी त्याने द्राक्षप्रक्रिया आणि वाइन यांचे धोरण ठरवले व वाइन मंडळ स्थापन केले. या दोन गोष्टींत विसंगती दिसली तरी शेतकऱ्याच्या बाजूने पाहता त्यांत एक संगती आहे. सारायी उसाच्या मळीपासून उतरवलेल्या मद्यार्काची, ती कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही गावात होऊ शकते, आणि तिच्या किमतीतला शेतकऱ्याचा वाटा नगण्य. वाइनमध्ये पाणीदेखील बाहेरचे घालावयाचे नसते. तिचे सर्वस्व द्राक्षात आहे, आणि चांगल्या वाइनसाठी तर बागायतदाराला मुद्दाम पीक कमी घ्यावे लागते, एकरी दहा-बारा टनांऐवजी चार-पाच टनांवर समाधान मानावे लागते, म्हणून तिला भाव अधिक द्यावा लागतो. ज्यांना ती प्यावयाची नाही त्यांनी पिऊ नये; मी पिणार नाही. ती किराणा दुकानात विकावी की नाही, या वादात महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये जे रान उठले, त्यात विरोध करणाऱ्यांची काळजी मला खरी वाटली आणि तो निर्णय अमलात आला नाही याचे मला दुःख नाही. परंतु द्राक्ष कोणत्या मातीत कसे पिकते आणि त्याचे नाव काय असावे, हा प्रश्न दुकानाच्या परवान्याहून वेगळा आहे, आणि एकाच्या भीतीने दुसरा टाळणे न्यायाचे नाही.

आता दोन आबकारींकडे पाहा. संविधानाच्या सातव्या परिशिष्टात मद्य आणि त्यावरील उत्पादनशुल्क हे दोन्ही विषय राज्यसूचीत घातलेले आहेत. वस्तू आणि सेवा कर आला तेव्हाही पेय मद्य त्याच्या बाहेर राहिले. परिणाम असा की, एका राज्यात झालेली वाइन दुसऱ्या राज्यात न्यावयाची म्हणजे ती जणू परदेशातून आणावी तशी: नोंदणी वेगळी, लेबलाचे शुल्क वेगळे, परवाना वेगळा. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले, आपल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादनशुल्कात सवलत दिली. कर्नाटकाने सहा वर्षांनी स्वतःचे धोरण आणले आणि आपल्या खोऱ्यांना नावे दिली. दोन्ही धोरणे आपापल्या जागी शहाणपणाची आहेत. मात्र प्रत्येकाच्या सवलतीची कड राज्याच्या हद्दीला येऊन संपते, आणि त्यामुळे अफझलपूरच्या शेतकऱ्याला अकलूजची वाइनरी जवळ असूनही दूरची वाटते. उद्या एखाद्याने अक्कलकोटात वाइनरी काढली तर तिला आळंदची द्राक्षे घेण्यात धोरणाचा लाभ मिळेल की नाही हे तिला आधी वकिलाला विचारावे लागेल. भीमेने पंढरपूर सोडताना दफ्तर बदलले नाही. ते आपण बदलले.

असे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. हंगेरीतील तोकाय हा जगातील अगदी आरंभीच्या अधिकृत द्राक्षप्रदेशांपैकी एक, १७३७ च्या राजाज्ञेने त्याची हद्द ठरली. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने त्याचा एक लहान तुकडा चेकोस्लोव्हाकियात गेला, आणि तोकाय हे नाव कोणी लावावे यावर दोन देशांत दीर्घकाळ तंटा चालला, पण आज दोन्हीकडचे शेतकरी ते नाव लावतात. इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्या दरम्यान १९४७ मध्ये जी रेषा ओढली गेली, ती गोरित्सियाच्या टेकड्यांतील मळ्यांमधून गेली. इटलीत त्या टेकड्यांना कोल्यो म्हणतात, आज स्लोव्हेनियात बर्दा म्हणतात, दोन्ही शब्दांचा अर्थ टेकड्या असाच, आणि रेषेपलीकडे राहिलेल्या आपल्या वेलींकडे जाण्याची मुभा शेतकऱ्यांना मिळावी म्हणून त्या दोन सरकारांना पुढे वेगळा करार करावा लागला. शीतयुद्धाच्या काळात, दोन भिन्न राज्यपद्धतींमध्ये, जे शक्य झाले ते एका प्रजासत्ताकाच्या दोन घटकराज्यांना अशक्य का असावे? पोर्तुगालात १७५६ मध्ये मार्किश द पोंबाल याने दौरू खोऱ्याची हद्द ठरवली आणि तिच्यावर ग्रॅनाइटचे खांब रोवले. त्या खांबांचा विचार मनात येतो तेव्हा मला आमच्या सरहद्दीवरचे दगड आठवतात. पोंबालचे दगड रोवताना येथे काय पिकते असे विचारले गेले होते. आमचे रोवताना येथे कोण काय बोलते असे विचारले गेले, आणि त्याचेही उत्तर पुष्कळ गावांना पटले नाही. सीमेचा तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जेव्हा लागावयाचा तेव्हा लागो. वेल तोवर थांबू शकत नाही.

आणि मार्ग नवा शोधावयाचा आहे असेही नाही. भौगोलिक उपदर्शनांचा १९९९ चा कायदा राज्याची हद्द मानत नाही. तो प्रदेश मानतो. बासमतीचे मानांकन अनेक राज्यांवर पसरलेले आहे. त्याहून जवळचे उदाहरण आपल्या पायाशी आहे: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे मानांकन मिळाले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांना आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून, आणि दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे तिची संयुक्त धनी आहेत. ज्या दोन राज्यांना चामड्यासाठी एका कागदावर सह्या करता आल्या, त्यांना द्राक्षासाठी त्या करता येऊ नयेत असे काहीही कारण नाही. आमच्या जिल्ह्यांनाही नावाचे मोल ठाऊक आहे: बिदरीची भांडी, कलबुर्गीची तूरडाळ, कमलापूरचे तांबडे केळे ही तिन्ही मानांकने याच मातीतली. भीमाखोऱ्याचे द्राक्ष आणि भीमाखोऱ्याचा बेदाणा अशी नोंदणी सोलापूर, विजापूर आणि कलबुर्गी या तीन जिल्ह्यांतील बागायतदारांच्या संयुक्त संघाच्या नावे व्हावी. तिची नियमावली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावी. कोणती माती, कोणते वाण, किती साखर, कोणती वाळवण हे त्यात नमूद व्हावे. वाइन त्याच नावाखाली नंतर येईल. ती आली नाही तरी बेदाणा आपल्या नावाने विकला जाईल, आणि एवढ्याने अफझलपूरच्या शेतकऱ्याचे पुष्कळ भले होईल.

बिदरची गोष्ट वेगळी आहे, कारण बिदर भीमेचे नाही. ते मांजरेचे, म्हणजे गोदावरीच्या कुळातले. आणि त्याचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंच, नाशिक शहराच्या तोडीचे. कलबुर्गीत उन्हाळा पेटलेला असताना बिदरच्या किल्ल्याच्या तटावर संध्याकाळी वारा सुटतो हे आम्ही लहानपणापासून अनुभवले आहे, आणि वाइनच्या द्राक्षाला दिवसाच्या उन्हाइतकीच रात्रीच्या गारव्याची आवश्यकता असते, कारण रात्री तापलेल्या राहिल्या तर मण्यातले आम्ल उडून जाते आणि नुसती साखर उरते. काळ्या रानात पाणी साचून वेलीचे पाय ओले राहतात. जांभ्याची तांबडी माती मात्र पाणी धरून ठेवत नाही. हे सारे अनुकूल दिसते. अनुकूल दिसते म्हणून उद्याच शेकडो एकर लावा असे सांगणाऱ्या माणसावर शेतकऱ्याने विश्वास ठेवू नये. २००८ नंतरच्या मंदीत नाशिक-नारायणगावच्या बाजूला वाइनऱ्यांनी माल उचलला नाही, तेव्हा ज्यांनी करारावर भरवसा ठेवून वाइनची द्राक्षे लावली होती त्यांना ती उपटावी लागली, आणि वाइनचे द्राक्ष असे की, त्याचा मणी लहान, बियांचा, आंबटगोड, त्यामुळे वाइनरीने नाकारले की बाजारातही त्याला गिऱ्हाईक नाही. मार्च २०१४ च्या गारपिटीत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मांडव जमीनदोस्त झाले, तेही अजून कोणी विसरलेले नाही. म्हणून बिदरसाठी माझी मागणी लहान आहे. बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचे महाविद्यालय बिदरला आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. या दोघांनी मिळून जांभ्याच्या पठारावर तीन एकरांची एक बाग धरावी, तीत शेनिन ब्लाँ असावी, शिराझ असावी, बेंगलोर ब्लू असावी, आणि एक ओळ अनाब-ए-शाहीची असावी, जी या मुलखातून गेली तेव्हा तिला निरोप द्यायलाही कोणी थांबले नव्हते. फेब्रुवारीत खुंट लावावेत, पावसाळा उतरताना कलम करावे, तिसऱ्या वर्षी पहिला घड येईल. त्या घडाची साखर आणि आम्ल मोजून तो आकडा मराठीत आणि कन्नडमध्ये छापून तालुक्याच्या प्रत्येक कृषिकचेरीत लावावा. शक्य असेल तर ही बाग नौबादच्या बाजूला असावी, जिथे जमिनीखालून पाचशे वर्षांपूर्वीच्या बोगद्यातले पाणी अजूनही वाहते.